किंमत आधी, कारखाना मागाहून

माल तयार करण्यास जो खर्च आला त्याची बेरीज मांडावी, तीत आपल्या नफ्याची रक्कम मिळवावी आणि जो आकडा येईल तो गिऱ्हाइकाला सांगावा, ही व्यापाराची रीत इतकी जुनी आणि सर्वमान्य आहे की, तिच्याबद्दल शंका घ्यावी असे सहसा कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या हेन्री फोर्डने हा हिशेब उलट्या टोकाकडून मांडला. साधारण मिळकतीच्या माणसाच्या ऐपतीत बसेल अशी किंमत प्रथम जाहीर करून टाकावी, आणि मग त्या किमतीत माल कसा निघेल याचा शोध घेण्याची पाळी कारखान्यातील लहानथोर सर्वांवर आणावी, असे त्याचे प्रतिपादन होते. आज एखाद्या वस्तूला जो खर्च येतो तो तेवढा आलाच पाहिजे हे कोणी सिद्ध केलेले नसते, तो केवळ अंगवळणी पडलेला असतो, आणि कमी किमतीची निकड मागे लागल्यावाचून ती सवय सुटत नाही, ही त्याची धारणा. फोर्डचे नाव निघताच सरकत्या पट्ट्याचे आणि त्याच्या कडेने उभ्या असलेल्या कामगारांच्या रांगेचे चित्र डोळ्यांपुढे येते; परंतु तो पट्टा हे या धारणेचे फळ होय, मूळ नव्हे.

१८६३ साली मिशिगन प्रांतातील डिअरबर्न गावाजवळ एका शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या या गृहस्थाचे शिक्षण खेड्यातील शाळेपलीकडे फारसे गेले नव्हते. शेतीत त्याचे मन रमले नाही, घड्याळे उघडून पुन्हा जोडण्यात मात्र रमले, आणि पुढे डेट्रॉइटच्या एडिसन वीज कंपनीत नोकरी करीत असता १८९६ साली त्याने आपली पहिली गाडी रस्त्यावर आणली. मोटारी बांधण्यासाठी काढलेली पहिली कंपनी बुडाली, दुसरीतून भांडवलवाल्यांशी न पटल्यामुळे तो बाहेर पडला, आणि १९०३ साली अवघ्या २८,००० डॉलरच्या रोख भांडवलावर तिसरी उभी राहिली. पहिल्या दोन प्रकरणांत परक्या पैशाविषयी जी अढी त्याच्या मनात बसली ती जन्मभर सुटली नाही. तिचा प्रत्यय पुढे येईलच.

१९०८ च्या ऑक्टोबरात या कंपनीने ‘मॉडेल टी’ नावाची गाडी बाजारात आणली आणि थोड्याच दिवसांत यापुढे आपण दुसरी कोणतीही गाडी बांधणार नाही असे फोर्डने जाहीर केले. श्रीमंतांच्या हौसेचा तो जमाना. जो तो कारखानदार दरसाल नवे घाट काढून धनिकांची मनधरणी करीत असता या माणसाने एकच गाडी, आणि १९१४ पासून तर बराच काळ एकाच काळ्या रंगात, विकण्याचा हट्ट धरावा, याचे त्याच्या विक्रेत्यांनाही वैषम्य वाटले. हट्टामागचा हिशेब मात्र पक्का होता. गाडी बदलायची नाही हे एकदा निश्चित झाले म्हणजे तिच्या एकेका सुट्या भागासाठी, तेवढे एकच काम करणारे, पण ते विलक्षण वेगाने आणि अचूकपणे करणारे यंत्र बनवून घेणे परवडते. असे यंत्र चालविण्यास मुरलेला कारागीर लागत नाही. आणि सर्व भाग एकमेकांशी तंतोतंत जुळत असल्यामुळे जुळणीच्या वेळी कानस घेऊन बसण्याचा प्रसंग येत नाही. ज्या कारखान्यात कानशीची गरज पडते तेथे वस्तू पुष्कळ निघतील, परंतु विपुल उत्पादन ज्याला म्हणतात ते तेथे व्हावयाचे नाही.

फोर्डने १९२२ साली सॅम्युएल क्राउथर या लेखकाच्या साहाय्याने आपले आत्मवृत्त प्रसिद्ध केले. त्यातील कोष्टकाप्रमाणे १९०९-१० साली या गाडीच्या ‘टूरिंग’ प्रकाराची किंमत ९५० डॉलर होती आणि त्या वर्षी १८,६६४ गाड्या निघाल्या, तर १९१६-१७ साली तीच किंमत ३६० डॉलरवर येऊन गाड्यांची संख्या ७,८५,४३२ झाली. कित्येकदा तर खर्च उतरण्याची वाट न पाहताच किंमत उतरविली गेली. पुढील वर्षभरात तीन लाखांवर गाड्या खपल्या तर प्रत्येक गिऱ्हाइकास ४० ते ६० डॉलर परत करू, असे १९१४ साली त्याने जाहीर केले, आणि वर्षअखेर हा आकडा ओलांडला गेल्यावर खरोखरच प्रत्येकी ५० डॉलर परत केले.

आता ही बचत निघाली कोठून? या प्रश्नाचे उत्तर हायलंड पार्क येथील कारखान्यातल्या दोन बाकांवर जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही सिद्धांतग्रंथात दिसणार नाही. पिस्टनला त्याचा दांडा जोडण्याचे साधे काम तेथे अठ्ठावीस माणसे करीत असत. पिस्टन घ्यावा, दांडा घ्यावा, तेल लावावे, खीळ सारावी, मळसूत्र आवळावे, अशा सहा हालचालींचे हे काम. प्रत्येक माणूस ते आरंभापासून अखेरपर्यंत एकटा करी आणि त्याला एका नगामागे तीन मिनिटे लागत. याला तीन मिनिटे का लागावीत, हे तेथील फोरमनला उमगेना. तो स्टॉप-वॉच घेऊन उभा राहिला, तेव्हा नऊ तासांच्या दिवसातील चार तास माणसांच्या पायांतच जातात असे त्याला आढळून आले. कोणी जागा सोडून भटकत होता असे नव्हे. सामान ओढून घ्यावयास एक पाऊल इकडे, झालेला नग सारावयास एक पाऊल तिकडे, अशी ती पावले. फोरमनने कामाचे तीन भाग पाडले, प्रत्येक बाकाच्या मधोमध एक घसरपट्टी बसविली, तिच्या दोन्ही अंगांना तीन-तीन माणसे आणि शेवटी एक तपासनीस उभा केला, आणि अठ्ठावीस माणसांचे काम चौदांवर आले. नवे यंत्र आणले नाही, कोणाला अधिक घाम गाळावयास लावला नाही. केवळ चालणे थांबले.

माणसाने कामाकडे जाण्याऐवजी काम माणसाकडे यावे, हे तत्त्व येथून एकच पायरी पुढे होते. १९१३ च्या एप्रिल महिन्यात मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या विद्युत्साधनाच्या, जुळणीवर ते प्रथम अजमावून पाहण्यात आले. एका माणसाला एका मॅग्नेटोस जेथे सुमारे वीस मिनिटे लागत, तेथे कामाचे एकोणतीस भाग पाडून सरकत्या रांगेवर टाकल्यावर तेरा मिनिटे दहा सेकंद लागू लागली. पुढल्या वर्षी कोणाच्या तरी ध्यानात आले की, माणसांना कारण नसता वाकावे लागते. म्हणून ती रांग आठ इंच उंच केली, आणि वेळ सात मिनिटांवर आला. पुढे वेग ठाकठीक बसवून तो पाच मिनिटांवर नेण्यात आला. आठ इंचांनी जवळजवळ निम्मा वेळ वाचावा, ही गोष्ट मला त्या कारखान्याच्या सगळ्या प्रचंडपणापेक्षा अधिक विस्मयकारक वाटते. गाडीच्या सांगाड्याची जुळणी याच मार्गाने साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आली. कल्पना शिकागोच्या खाटीकखान्यांवरून सुचली, असे फोर्डने स्वतःच नमूद केले आहे; तेथे डोक्यावरच्या रुळावरून लोंबकळत पुढे सरकणाऱ्या जनावराचा एकेक अवयव एकेक कसाई उतरवून घेत असे. अर्थात हे सर्व एकट्या फोर्डच्या डोक्यातून निघाले असे मानणे भाबडेपणाचे होईल. चार्ल्स सोरेन्सन, क्लॅरेन्स एव्हरी यांच्यासारखे सहकारी आणि नाव मागे न राहिलेले कित्येक फोरमन यांचा त्यात वाटा होता, आणि अशा माणसांना प्रयोग करण्यास मोकळीक देणे हेच त्या काळच्या फोर्डच्या व्यवस्थापनाचे खरे वैभव होते.

परंतु दिवसभर एकच मळसूत्र आवळीत राहणे माणसाला मानवत नाही. १९१३ साली सुमारे चौदा हजार माणसांचा भरणा कायम राखण्यासाठी बावन्न हजारांवर माणसे कामावर घ्यावी लागली. म्हणजे लोक येत, चार दिवस राहत आणि निघून जात. यावर उपाय म्हणून ५ जानेवारी १९१४ रोजी जी घोषणा झाली तिने सारा देश चकित झाला. रोजगार दिवसाला पाच डॉलर, म्हणजे चालू दराच्या दुपटीहून अधिक, आणि कामाचे तास नवाऐवजी आठ! कारखान्याच्या दरवाजाशी हजारोंची झुंबड उडाली. काही दिवसांनी ती आवरेना, तेव्हा त्या कडाक्याच्या थंडीत लोकांवर पाण्याचे फवारे सोडण्यात आले. कामगाराच्या खिशात पैसा खेळला तर तोच गिऱ्हाईक होतो, हा विचार फोर्डने पुढे पुष्कळ ठिकाणी मांडला, आणि तो त्याच्या नावावर रूढही झाला. परंतु त्याच आत्मवृत्तात हा रोजगार म्हणजे आपण केलेल्या उत्तम काटकसरींपैकी एक होय, असेही तो म्हणतो, आणि मला वाटते, त्याचे हे दुसरे म्हणणे वस्तुस्थितीस अधिक धरून आहे. माणसे टिकली, नवख्यांना शिकविण्याचा खर्च वाचला, आणि रांगेचा वेग वाढविला तरी कोणी तक्रार करीनासे झाले.

या उदारतेला अटीही होत्या. पाच डॉलरांपैकी जवळजवळ अर्धी रक्कम ही नफ्यातील वाटणी म्हणून समजली जाई आणि ती मिळण्यास कामगाराचे वर्तन कंपनीच्या पसंतीस उतरावे लागे. त्यासाठी एक स्वतंत्र खाते उघडण्यात आले. त्याचे तपासनीस घरोघर जाऊन नवराबायकोचे कसे चालले आहे, दारू किती पितात, शिल्लक किती टाकतात, घरात भाडोत्री किती ठेवले आहेत, याची चौकशी करीत आणि तिचे दप्तर ठेवीत. पगारपत्रकाबरोबर चारित्र्याचाही दाखला मागणारी ही व्यवस्था हितबुद्धीने निघाली असेल, पण स्वाभिमानी माणसाला ती टोचल्यावाचून राहिली नसेल. याच्या शेजारीच दुसरी एक गोष्ट ठेवली पाहिजे. कारखान्यातील ७,८८२ निरनिराळ्या कामांची छाननी करविल्यावर त्यांतील ६७० कामे दोन्ही पाय नसलेल्या, २,६३७ एक पाय असलेल्या, ७१५ एकहाती आणि दहा अंध माणसांकडून होऊ शकतात असे दिसून आले. आणि अपंगांना तेथे खरोखरच, धर्मादाय म्हणून नव्हे तर पुऱ्या रोजगारावर, घेण्यात येत असे. कामाचे जे बारीक तुकडे धडधाकट माणसाच्या बुद्धीला गंज चढवितात, तेच दुसऱ्या एखाद्याला पोटाला लावतात.

कारभाराविषयीचे फोर्डचे विचार याहूनही चमत्कारिक आहेत. हुद्दे, पदव्या आणि अधिकाराचे आराखडे यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता. झाडाच्या फांद्यांना फळे लागावीत तसे अधिकारी काढलेले ते नकाशे म्हणजे आपापल्या वर्तुळात राहून जबाबदारी टाळण्याची सोय होय, अशी तो थट्टा करी. १९२०-२१ च्या मंदीत त्याने गाडीची किंमत ५७५ डॉलरवरून एकदम ४४० वर आणली आणि मग दप्तराकडे मोर्चा वळविला: कचेरीतील १,०७४ माणसांची ५२८ झाली, टेलिफोनचे निम्म्याहून अधिक फाटे तोडले, आकडेमोडीचे खाते बरखास्त केले आणि पाच माणसांमागे एक फोरमन होता तेथे वीस माणसांमागे एक ठेवला. साठविलेला माल म्हणजे अडकलेला पैसा, हे ओळखून कच्च्या मालाची आवक आणि गाड्यांची रवानगी यांतील दिवस कमी करून लक्षावधी डॉलर मोकळे केले. मात्र त्याच वेळी गाड्या विक्रेत्यांकडे धाडून त्यांच्याकडून रोख वसूल करण्यात आली, आणि पेढीवाल्यांच्या दारी आपण पाऊल टाकणार नाही म्हणणाऱ्या या माणसाच्या पायी बिचाऱ्या विक्रेत्यांना ते दार ठोठवावे लागले, हे त्याच्या स्तुतिपाठकांच्या लिखाणात सहसा आढळत नाही.

भागीदारांचा अडसर तत्पूर्वीच दूर झाला होता. नफा वाटण्याऐवजी किंमत उतरविण्यात आणि रूझ नदीकाठी नवा कारखाना उभारण्यात घालतो, म्हणून डॉज बंधूंनी फोर्डवर फिर्याद केली, आणि १९१९ साली मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने एक कोटी नव्वद लाखांहून अधिक डॉलर भागीदारांना वाटण्याचा हुकूम दिला. तेव्हा फोर्डने त्याच साली सर्वांचे भाग दहा कोटींहून अधिक डॉलर मोजून विकत घेतले. त्याची मालकी आता निर्वेध झाली. आणि माझ्या मते अपकर्षाचा आरंभही येथेच झाला, कारण ‘नाही’ म्हणण्याचा ज्यांना हक्क होता ते सर्व एकदम बाहेर गेले. आपल्या एका साप्ताहिकातून वर्षानुवर्षे ज्यू लोकांविरुद्ध विखारी लेखन छापण्याचा, आणि १९२७ साली त्याबद्दल माफी मागण्याची वेळ येईपर्यंत ते चालू देण्याचा, जो लांच्छनास्पद प्रकार घडला, तोही याच निरंकुशतेचा.

तोपर्यंत बाजार पालटला होता. ज्याने एक गाडी वापरली त्याला दुसरी घेताना स्वस्ताईपेक्षा सोय, रंग आणि नवेपणा हवा होता, आणि आल्फ्रेड स्लोनच्या नेतृत्वाखालील जनरल मोटर्स कंपनी ऐपतीप्रमाणे चढत्या किमतीच्या गाड्या, दरसाल थोडा बदल आणि हप्त्यांची सवलत देऊन हे सर्व पुरवीत होती. फोर्डचा मुलगा एडसेल नावाला अध्यक्ष होता. त्याचा साडू एर्नेस्ट कान्झलर याने १९२६ च्या जानेवारीत नवी गाडी काढल्यावाचून गत्यंतर नाही, असे सविस्तर आणि अत्यंत नम्र भाषेत लिहून कळविले, आणि काही महिन्यांतच त्याला कंपनी सोडावी लागली. कारखान्यातील प्रत्येक कामाचे ज्याने तुकडे पाडले, त्याने स्वतःच्या कामाचा एक तुकडाही दुसऱ्याच्या हाती दिला नाही. १९२७ च्या मे महिन्यात, दीड कोटी गाड्या निघाल्यावर, ‘मॉडेल टी’ बंद करावीच लागली; तेव्हा एकाच गाडीसाठी घडविलेली ती अद्वितीय यंत्रे निरुपयोगी ठरून कारखान्याची कित्येक महिने फेररचना चालली आणि हजारो कामगार घरी बसले. कामगारसंघाशी करार करण्यास तर फोर्ड १९४१ पर्यंत तयार झाला नाही.

१९४५ साली कारभार नातू दुसरा हेन्री फोर्ड याच्याकडे आला, तेव्हा कोणत्या भागाला किती खर्च येतो हे सांगू शकेल असे धड हिशेबखाते कंपनीत शिल्लक नव्हते. पुढल्याच वर्षी त्याने जनरल मोटर्सच्या परंपरेत वाढलेल्या एर्नेस्ट ब्रीचला बोलावून आणले, आणि आजोबांनी ज्याची आयुष्यभर टर उडविली तो हुद्द्यांचा आराखडा प्रतिस्पर्ध्याच्या धर्तीवर तयार करविला.