जालना ते व्हर्जिनिया, दोनशे फेऱ्या

जालन्याच्या एमआयडीसीत सळई भरून ट्रक गेटवर उभा आहे आणि बिल काही निघत नाही. पडद्यावरचं चाक गरगरतंय. मुनीमजी नेटवाल्याला फोन लावतात, लाइन स्लो आहे म्हणून. नेटवाला येऊन स्पीड टेस्ट लावतो: १०० एमबीपीएस, पुरेपूर. गंमत अशी, की दोघंही खरं बोलत असतात.

एमबीपीएस सांगतं ते लाइनची रुंदी. समृद्धी महामार्गाला सहा लेन आहेत, म्हणून एका वेळी पुष्कळ गाड्या धावतात. पण बारा लेन केल्या तरी जालन्याहून निघालेली तुमची एक गाडी नागपूरला लवकर पोचणार नाही. अंतर कापायला लागणारा वेळ वेगळाच. त्याला लेटन्सी म्हणतात आणि तो कुठल्याच प्लॅनमध्ये विकत मिळत नाही.

कारण इथे गाठ थेट प्रकाशाशी आहे. निर्वातात सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावणारा प्रकाश फायबरच्या काचेत दोन लाखांवर येतो, म्हणजे एका मिलिसेकंदात २०० किलोमीटर. सर्व्हर मुंबईत असेल तर जालन्याहून प्रश्न जाऊन उत्तर परत यायला निव्वळ प्रवासाचे चार-पाच मिलिसेकंद पुरतात. पण तो अमेरिकेत व्हर्जिनियात असेल तर? सरळ रेषेत सुमारे १३ हजार किलोमीटर. जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद, याहून कमी होणे नाही. प्रत्यक्षात केबल सरळ जात नाही. मुंबईचा किनारा, समुद्रतळ, युरोप, अटलांटिक असा वळसा घेत आकडा सहज २०० च्या पुढे जातो. पापणी लवायला साधारण इतकाच वेळ लागतो. तेवढ्यात आपला प्रश्न निम्मी पृथ्वी ओलांडून उत्तर घेऊन परत आलेला असतो, आणि आपण म्हणतो नेट स्लो आहे!

मग मुनीमजींचं बिल उघडायला लागलेले ४० सेकंद कुठे गेले? बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या बडबडीत. एक बिल उघडताना ते डेटाबेसला आधी ग्राहकाचं नाव विचारतं, उत्तर आलं की जीएसटी क्रमांक, मग मालाची पहिली ओळ, मग दुसरी. समजा असे दोनशे प्रश्न आहेत. प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या ऑफिसात सर्व्हर शेजारच्या खोलीत असतो, एक फेरी एका मिलिसेकंदाची. दोनशे प्रश्न पाव सेकंदाच्या आत संपतात आणि त्याला काही खटकतच नाही. तेच दोनशे प्रश्न दर फेरीला २०० मिलिसेकंद मोजून पाठवा: बरोबर ४० सेकंद. माझ्या मते हा दोष लाइनचा नाहीच, शेजारच्या खोलीत बसून केलेल्या चाचणीचा आहे.

मोठी फाइल उतरवतानाची गोष्ट आणखी चमत्कारिक. टीसीपी या पद्धतीत पाठवणारा थोडा माल पाठवतो आणि पोच येईपर्यंत थांबतो. मुळात एका दमात जास्तीत जास्त ६४ केबी पाठवायची सोय होती. २०० मिलिसेकंदांच्या फेरीवर हिशेब करा, वेग येतो जेमतेम २.६ एमबीपीएस. लाइन शंभराची असो की हजाराची! १९९२ मध्ये ही मर्यादा वाढवायची तरतूद झाली आणि आजची यंत्रं ती वापरतात. पण वाटेतला एखादा जुना फायरवॉल मर्यादा वाढवल्याची सूचनाच पुसून टाकतो, आणि पुन्हा २.६.

म्हणून स्पीड टेस्टच्या आधी फेरीचा वेळ मोजणारा पिंग लावावा. एकदा ऑफिस शांत असताना, एकदा सगळे कामात असताना. शांततेत २०० आणि गर्दीत ९०० दिसला, तर अंतराला बोल लावू नये. कुणीतरी सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग वर चढवतंय आणि राउटरच्या पोटात पॅकेट्सची रांग लागली आहे. मग ट्रेसराउटने पॅकेट्सची वाट तपासावी. मधल्याच एका राउटरपाशी मोठा आकडा दिसला आणि पुढचे ठीक असले, तर तो राउटर आपल्याला उत्तर द्यायला आळस करतोय, बाकी काही नाही. तिथून शेवटपर्यंत आकडा चढलेलाच राहिला, तर मात्र खरी मेख तिथे.

वाटाही विचित्र असतात. २००३ मध्ये निक्सी ही देशांतर्गत देवाणघेवाणीची व्यवस्था उभी राहण्याआधी दोन भारतीय कंपन्यांच्या ग्राहकांमधला निरोपसुद्धा परदेशाला वळसा घालून यायचा. आणि ६ सप्टेंबर २०२५ ला तांबड्या समुद्रात जेद्दाजवळ केबल तुटल्या, तेव्हा भारतातल्या पुष्कळ पॅकेट्सना लांबची वाट धरावी लागली. अशा दिवशी जालन्यातला राउटर बंद-चालू करणाऱ्याची मला दया येते.

उपाय आहेत. सॉफ्टवेअर डेटाबेसच्या शेजारी चालवून इकडे फक्त पडद्याचं चित्र आणायचं, हा रिमोट डेस्कटॉपचा मार्ग. दोनशे प्रश्न तिकडच्या तिकडे मिटतात, जालन्यात फक्त कळ दाबल्याचा उशीर जाणवतो. सर्व्हरच मुंबईला आणणं त्याहून बरं. पोकळ गाभ्याचं फायबरही आलंय, त्यात प्रकाश काचेऐवजी हवेतून जवळजवळ पूर्ण वेगाने धावतो. ते थेट व्हर्जिनियापर्यंत सरळ रेषेत टाकलं तरी फेरीला ८७ मिलिसेकंद लागतील आणि मुनीमजींचं बिल १७ सेकंदांनी उघडेल. प्रोग्रामरने दोनशे प्रश्न एकाच निरोपात बांधून पाठवले, तर आजच्याच केबलवर पाव सेकंदात.