जहाजावरचे दिवे आणि जागता पहारा

चंद्रपूर आणि गडचिरोली हे जिल्हे जंगलाचे, कोळशाचे आणि नद्यांचे. समुद्र येथून शेकडो कोस दूर. तेव्हा जहाजावरच्या दिव्यांचा विषय येथे कशासाठी, अशी शंका श्रोत्यांस येणे साहजिक आहे. परंतु दिव्याच्या भरवशावर जीव सोपवणारा माणूस आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे. खाणीत उतरणारा कामगार लॅम्परूममधून दिवा घेतल्यावाचून पुढे पाऊल टाकत नाही. बल्लारशाच्या लोहमार्गावरचा चालक सिग्नलच्या रंगावर विसंबून गाडी हाकतो. समुद्रावरच्या खलाशाचेही तेच. म्हणून त्याच्या दिव्याची गोष्ट आमचीही आहे, आणि शेवटी ती आम्हांला आमच्या वैनगंगेवर आणून सोडणार आहे.

रात्री रस्त्यावरून जाणारी मोटार आपल्या दिव्याने पुढची वाट पाहते. जहाजाचे दिवे वाट पाहण्यासाठी नसतात; ते दुसऱ्याला दिसावे यासाठी असतात. समुद्रावर रस्ता नाही, दुभाजक नाही, चौकात शिपाई नाही. अशा ठिकाणी समोरचे जहाज कोणत्या दिशेने चालले आहे हे काळोखात कळावे कसे? गेल्या शतकाच्याही आधीच्या शतकात आगबोटी वाढल्या, टकरी वाढल्या, तेव्हा १८४८ साली ब्रिटिश नौखात्याने आगबोटींना रंगीत दिव्यांची सक्ती केली. त्याच पद्धतीचा विस्तार होत होत १९७२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरले आणि १९७७ सालापासून ते जगभर अमलात आले.

नियम असे. जहाजाच्या डाव्या बाजूस तांबडा दिवा, उजव्या बाजूस हिरवा. प्रत्येकाचा प्रकाश समोरपासून आपापल्या बाजूस ११२.५ अंशांपर्यंतच पसरावा. पिछाडीस पांढरा दिवा, त्याचा प्रकाश मागच्या १३५ अंशांत. तिन्हींची बेरीज ३६० अंश, म्हणजे वर्तुळ पुरे झाले. याखेरीज यांत्रिक जहाजाच्या डोलकाठीवर पांढरा दिवा असतो. तो पुढच्या २२५ अंशांत दिसतो. पन्नास मीटर व त्याहून लांब जहाजास असे दोन दिवे लागतात, आणि मागचा पुढच्याहून उंच असावा लागतो.

आता या दिव्यांची भाषा वाचून पाहा. समोर तांबडा आणि हिरवा एकदम दिसले तर जहाज थेट आपल्या अंगावर येत आहे. दोघांनीही उजवीकडे वळावे. आपल्या उजव्या हाताकडून वाट कापत येणाऱ्या जहाजाची डावी बाजू, म्हणजे तांबडा दिवा, आपल्याला दिसतो. तेव्हा वाट आपण द्यायची. डाव्या हाताकडून येणाऱ्याचा हिरवा दिसतो. तेव्हा आपण आपली दिशा व वेग कायम ठेवायचा आणि वाट त्याने द्यायची. नुसता पिछाडीचा पांढरा दिसला तर आपण त्याला मागून गाठत आहोत; बाजूने जाण्याची जबाबदारी आपली. भाषा कोणतीही असो, देश कोणताही असो, रत्नागिरीचा खलाशी आणि जपानचा कप्तान हे तीन रंग एकाच अर्थाने वाचतात.

दिवा किती लांबून दिसावा हेही ठरलेले आहे. मोठ्या जहाजाचा डोलकाठीवरचा दिवा सहा सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरवरून, दिसला पाहिजे; बाजूचे रंगीत दिवे तीन मैलांवरून. येथे एक हिशेब ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तीन मैलांसाठी सुमारे बारा कँडेला प्रकाश लागतो. दोन मैलांसाठी सव्वाचारच्या आसपास पुरतो. म्हणजे दिव्याचे तेज एक-तृतीयांशावर आले की तो तीनऐवजी दोनच मैलांवरून दिसू लागतो. एक मैल गेला तर काय बिघडले, असे कोणी म्हणेल. ताशी पंधरा मैलांनी येणारी दोन जहाजे समोरासमोर असतील तर त्यांच्यातले अंतर ताशी तीस मैलांनी घटते. तो एक मैल म्हणजे दोन मिनिटे. सहा मिनिटांत करायचा विचार चार मिनिटांत उरकावा लागतो, आणि मोठे जहाज काही सायकलीसारखे जागच्या जागी वळत नाही.

आता एलईडीकडे वळू. जुन्या विजेच्या दिव्यात तार तापून प्रकाश पडे. एलईडीत तार नाही; अर्धवाहक पदार्थाच्या कणीतून वीज वाहिली की ती कणी स्वतःच प्रकाश देते. दृश्य तांबडा एलईडी १९६२ साली निघाला. तेजस्वी निळा मात्र १९९० नंतर साधला, आणि त्या कामासाठी तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या कणीवर पिवळी द्रव्यभुकटी बसवून पांढरा प्रकाश मिळतो. हा दिवा वीज थोडी खातो, हादऱ्याने तुटत नाही आणि वर्षानुवर्षे टिकतो. वादळात डोलकाठीवर चढून दिवा बदलण्याचा जीवघेणा प्रसंग खलाशावर क्वचितच येतो. कामगाराच्या दृष्टीने हा लाभ लहान नाही, आणि आम्ही या दिव्याचे स्वागतच करतो.

परंतु प्रत्येक नवे यंत्र आपल्यासोबत नवा दोषही आणते. जुना दिवा मरे तेव्हा एकदम मरे. तार तुटली की वीज थांबे, जहाजाच्या सुकाणूघरातील फलकावर घंटी वाजे आणि माणूस जाऊन दिवा बदली. एलईडी म्हातारा होतो. त्याचे तेज हळूहळू उतरते, पण तो वीज मात्र पूर्वीइतकीच घेत राहतो. वीज मोजणाऱ्या फलकाला सारे ठीकच वाटते. रोज पाहणाऱ्या डोळ्यालाही फरक जाणवत नाही. हे ओळखून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००७ साली ठराव केला : तेज ठरल्याहून खाली गेले तर सूचना देणारी योजना दिव्यात असावी, नसेल तर उत्पादकाने सांगितलेल्या आयुष्यापलीकडे तो दिवा वापरू नये. दिवा पेटतो आहे एवढ्यावर समाधान मानू नका, असा त्याचा अर्थ.

दुसरा दोष काटकसरीतून येतो. लहान बोटीवर जुन्याच दिव्याच्या पेटीत बाजारातला पांढरा एलईडी बल्ब बसवतात. ती पेटी, तिचे भिंग आणि तिची रंगीत काच तापल्या तारेच्या प्रकाशाचा हिशेब करून घडवलेली असते. तारेच्या प्रकाशात तांबडा अंश भरपूर. पांढऱ्या एलईडीत तो कमी. तांबड्या काचेतून मग फिका, अपुरा उजेड बाहेर पडतो. प्रकाशाचा उगमही जागा बदलतो, आणि ११२.५ अंशांची सीमा पुसट होते. डावी बाजू कोठे संपली आणि उजवी कोठे सुरू झाली हेच कळेनासे झाले तर दिव्याची भाषा बोबडी झाली म्हणायची. म्हणून पेटीसकट मंजूर केलेला दिवाच बसवला पाहिजे.

तिसरा दोष कानाचा आहे. काही एलईडी दिव्यांच्या विद्युत्‌योजनेमुळे बोटीवरच्या रेडिओत अडथळा येतो, असा इशारा अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१८ साली दिला. परीक्षा सोपी आहे : रेडिओ शांत करून ठेवावा आणि दिवा लावावा, खरखर सुरू झाली तर दिवा सदोष.

एवढे सारे नीट केले तरी काम संपत नाही. १८८८ च्या नोव्हेंबरात मांडवीहून मुंबईस निघालेली ‘वैतरणा’ ही आगबोट सौराष्ट्राच्या किनाऱ्याजवळ वादळात शेकडो प्रवाशांसह नाहीशी झाली. तिच्यावर त्या काळी नवलाचे असे विजेचे दिवे होते, म्हणून लोक तिला ‘वीजळी’ म्हणत. दिवे होते, पुरेशा जीवरक्षक होड्या नव्हत्या. १७ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर जपानजवळ ‘फिट्झजेराल्ड’ ही अमेरिकी युद्धनौका एका मालवाहू जहाजाशी धडकली आणि सात नाविक मेले. समोरची जहाजे उजवीकडे होती, आणि टेहळणीचा माणूस उजव्या बाजूस नव्हताच. चौकशीत माणसांच्या थकव्याचाही उल्लेख झाला. नियमांतला पाचवा नियम सांगतो की प्रत्येक जहाजाने डोळ्यांनी व कानांनी सतत टेहळणी ठेवावी. तो नियम पाळायचा तर डोळे उघडे राहतील इतकी झोप माणसाला मिळाली पाहिजे. खलाशांच्या कामाचा आंतरराष्ट्रीय करार, जो भारताने २०१५ साली मान्य केला, चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती सांगतो. मालक दिव्याचा खर्च वाचवतो तेव्हा पहाऱ्याचा माणूसही वाचवू पाहतो, हा आमचा सर्व धंद्यांतला अनुभव आहे. दिव्याचे आयुष्य वाढले म्हणून माणसाची पाळी वाढवता येत नाही.

आता आपल्या घरी येऊ. २३ जानेवारी २०२४ रोजी चामोर्शी तालुक्यातील गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली. पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यात मिरची तोडायला निघालेल्या सहा मजूर बाया बुडाल्या. दिवस होता, उजेड होता. दिव्याने त्या वाचल्या नसत्या. मजुरीसाठी निघालेल्या बाईला अंगात घालायला एक जीवरक्षक जाकीट मिळाले पाहिजे, डोंग्यात किती माणसे बसावीत याची रेघ ठरली पाहिजे. इंग्लंडात सॅम्युएल प्लिम्सॉलने लढून १८७६ साली भाराची रेघ कायद्यात आणली. तीच रेघ डोंग्यालाही हवी. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात वल्ह्याच्या नावांचाही विचार केलेला आहे आणि त्यांची व्यवस्था स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची वाट आहे. ग्रामपंचायतींनी ती मागून घ्यावी.

आणि सांजवेळी परतणाऱ्या डोंग्यासाठी समुद्राच्या नियमांतच एक साधी तरतूद सापडते. वल्ह्याच्या होडीला रंगीत दिवे लावणे जमत नसेल तर तिने पांढरा दिवा किंवा बॅटरी हाताशी ठेवावी आणि टक्कर टळेल इतक्या आधी ती दाखवावी. एक चांगली बॅटरी, माणशी एक जाकीट, ठरलेली माणसे आणि विश्रांती घेतलेला नावाडी : एवढी मागणी आम्ही दोन्ही जिल्ह्यांच्या काठांवरून एकत्र करावी. तिला लागणारा पैसा मोठ्या जहाजाच्या एका दिव्याएवढाही नसेल.