'च'चे स्थान आणि वाक्याचा अर्थ

'आनंद पाली शिकवतो' हे साधे वाक्य घेऊ. त्यात 'च' हे एकच अक्षर घातले की तीन निराळी वाक्ये होतात. 'आनंदच पाली शिकवतो' म्हणजे अन्य कोणी शिकवीत नाही. 'आनंद पालीच शिकवतो' म्हणजे तो दुसरा विषय शिकवीत नाही. 'आनंद पाली शिकवतोच' म्हणजे त्याविषयी शंका नको. घटना एकच आहे. परंतु कोण शिकवतो, काय शिकवतो, शिकवतो की नाही, अशा तीन वेगळ्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत. ज्या शब्दाने प्रश्न सुटतो त्यावर वाक्याचा भर असतो आणि तो भर इतर पर्याय दूर सारतो.

हा विचार बौद्ध आचार्यांनी फार पूर्वी केला होता. सातव्या शतकातील आचार्य धर्मकीर्ती यांनी 'प्रमाणवार्तिक' या ग्रंथात संस्कृत 'एव' या निपाताची चर्चा केली आहे. 'एव'चे कार्य व्यवच्छेद, म्हणजे वगळणे, हे होय. त्यांनी सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी दोन येथे पाहू. एखाद्यात अमुक गुण नसावा ही शंका दूर करणे हा 'अयोगव्यवच्छेद'. तो गुण इतरांतही असावा ही शंका दूर करणे हा 'अन्ययोगव्यवच्छेद'. कोणती शंका दूर करावयाची हे श्रोत्याच्या मनातील प्रश्नावरून ठरते. 'एव' उच्चारला नाही तरी वक्त्याच्या विवक्षेवरून तो अर्थ कळतो.

हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. धुरावरून अग्नीचे अनुमान करताना 'अग्नी असलेल्या ठिकाणीच धूर असतो' हे विधान उपयोगी पडते. 'अग्नी असलेल्या ठिकाणी धूर असतोच' हे मात्र असत्य आहे. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो, धूर नसतो. 'च'ची जागा चुकली की तर्कच ढासळतो.

याहून वेगळे कार्य मराठीतील 'तर' करतो. 'सर्व ग्रंथ आले का?' या प्रश्नाला 'त्रिपिटकाचे खंड तर आले' असे उत्तर मिळाले, तर उरलेल्यांविषयी वक्ता काही सांगत नाही. परंतु तो प्रश्न अजून शिल्लक आहे हे श्रोत्यास कळते. 'च' पर्याय मिटवितो, 'तर' ते उघडे ठेवतो. पालीतही 'एव' आहे, आणि एका विषयाकडून दुसऱ्याकडे वळताना येणारा 'पन' आहे.

म्हणून धम्मग्रंथांचे भाषांतर वाचताना अभ्यासकाने हे लहान निपात गाळले तर गेले नाहीत ना, हे मुळाशी ताडून पाहावे. शब्द तेच राहूनही उपदेशाचा अर्थ बदलू शकतो.