तालुक्याच्या गावातील छायाचित्रणाचा छंद

राजपुरुष, सेनानी आणि समाजधुरीण यांच्या पुतळ्यांची कोल्हापूर शहरात वाण नाही. परंतु खरी कॉर्नरच्या चौकात एका यंत्राच्या सन्मानार्थ जो स्तंभ उभा आहे, तसा स्तंभ अन्यत्र क्वचितच आढळेल. हे यंत्र म्हणजे कॅमेरा. 1913 साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाल्यानंतर नाटकांचे पडदे रंगवून उपजीविका करणाऱ्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या दोघा बंधूंच्या मनाने असे घेतले की, चित्रपट काढावयाचा तर त्याचा कॅमेराही आपणच बनवावा. आनंदराव 1916 साली निवर्तले, पण बाबूरावांनी सहकाऱ्यांना हाताशी धरून ते काम 1918 च्या सुमारास तडीस नेले आणि त्याच स्वदेशी यंत्रावर महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ 1920 साली पडद्यावर आला. यंत्रशास्त्राची पदवी या मंडळींपैकी कोणापाशी नव्हती. जे पाहिले ते उघडून समजावून घ्यावे आणि जे समजले ते हाताने करून पाहावे, एवढ्या भांडवलावर कोल्हापूर इलाख्यात प्रकाशाची ही विद्या रुजली. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकास असलेल्या मलकापूरसारख्या गावी आज एखाद्या तरुणाने, अथवा पेन्शनीत निघालेल्या एखाद्या गृहस्थाने, छंद म्हणून कॅमेरा हाती घ्यावयाचे ठरविले, तर त्याने कोठून आरंभ करावा, फिल्मचा मार्ग धरावा की डिजिटलचा, आणि या उद्योगातून अखेर पदरात काय पडावे, याचा विचार करताना ही पूर्वपीठिका विसरून चालणार नाही.

छायाचित्रणाचा हौशी अभ्यास आपल्याकडे वाटतो त्याहून पुष्कळ जुना आहे. दागेरची छायाचित्रणाची प्रक्रिया पॅरिसमध्ये 1839 साली जाहीर झाली आणि त्यानंतर पंधराच वर्षांनी, 1854 साली, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. हरिश्चंद्र चिंतामण या वर्गात शिकून धंद्यात उतरले, तर डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांनी वैद्यकी सांभाळून कॅमेऱ्याचा व्यासंग केला आणि सोसायटीच्या कार्यकारी मंडळावर स्थान मिळविले. त्या काळी काचेच्या तावदानावर कलोडियनचा लेप देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे, ओला असतानाच ते धुवावेही लागे, आणि म्हणून छायाचित्रकाराची स्वारी तंबू, रसायनांच्या बाटल्या व हमाल यांच्या लवाजम्यासह निघे. सामान्य प्रापंचिकाला ही हौस परवडण्याजोगी नव्हती. स्वतः फाळकेही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी गोध्रा येथे छायाचित्रणाचा व्यवसाय करून पाहत होते. पण तो व्यवसायच होता, विरंगुळा नव्हे.

ईस्टमनच्या कोडॅकने 1888 साली गुंडाळीची फिल्म घातलेला कॅमेरा बाजारात आणला, 1900 साली एका डॉलरचा ब्राउनी आला, आणि पाश्चात्त्य देशांत ही कला घराघरांत शिरली. आपल्या मध्यमवर्गात तिचा शिरकाव व्हावयास आणखी अर्धशतक जावे लागले. साठ-सत्तरच्या दशकांत अनेक मराठी घरांच्या कपाटात जो आगफा क्लिक थ्री असे, त्यात 120 क्रमांकाच्या रोलवर बारा चौकोनी चित्रे निघत. हे बारा फोटो श्रावणातल्या मंगळागौरीपासून दिवाळीतल्या भाऊबिजेपर्यंत पुरवावयाचे असत. आयातीवर निर्बंध असल्याने पूर्व जर्मनीची ऑर्वो आणि उदकमंडलम येथील सरकारी हिंदुस्थान फोटो फिल्म्सची ‘इंदू’, या दोहोंवरच हौशी मंडळींची मदार असे. त्या टंचाईचे गोडवे गाणारे लेख अलीकडे फार येतात. माझ्या मते ते खोटे आहेत. बारा फोटोंपैकी सात हलत आणि दोघांची डोकी कापली जात, व ती का कापली गेली हे सांगणारा कोणी भेटत नसे. टंचाईने काटकसर शिकविली, छायाचित्रण क्वचितच शिकविले.

आता मलकापूर. बुलढाण्याकडील रेल्वेच्या मलकापूरशी अथवा कऱ्हाडजवळील मलकापूरशी याचा घोटाळा होऊ नये. हे शाहूवाडी तालुक्यातील बाजारपेठेचे गाव, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, कोल्हापूरपासून अदमासे 45 किलोमीटरांवर वसलेले. 1844 च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी विशाळगडाची तटबंदी पाडली आणि पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे गडावरून मलकापुरास आले. तेव्हापासून या कसब्याला कचेरी, दप्तर, कारकून आणि बारनिशी यांचे वळण आहे. पश्चिमेस आंबा घाट, त्याच्या अलीकडे जांभ्याचे सडे आणि देवराया, एका अंगाला बर्कीचा धबधबा, दुसऱ्या अंगाला विशाळगड व पावनखिंड, असा हा मुलूख. परंतु छायाचित्रकाराच्या दृष्टीने याची खरी संपत्ती स्थळांत नसून उजेडात आहे. हे गाव सुमारे 17 अंश अक्षांशावर असल्यामुळे मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य थेट माथ्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली पायाशी नाहीशी होते. तोच प्रकार ऑगस्टच्या आरंभी पुन्हा घडतो, पण तेव्हा सूर्य ढगांआड असल्याने तो कोणाच्या ध्यानी येत नाही. जून ते सप्टेंबर येथे सावली अशी नसतेच. सारा आसमंत मऊ, निळसर, दिशाहीन उजेडाने भरलेला असतो. दिवाळीच्या सुमारास हवा धुऊन निघते आणि तिरपी किरणे भातखाचरांवरून सरपटत जाऊ लागतात. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात नोव्हेंबरच्या 9, 10 व 11 या तारखांना आणि पुन्हा जानेवारीअखेर व फेब्रुवारीच्या आरंभी मावळतीचे किरण मूर्तीच्या चरणांपासून मुखापर्यंत चढतात, तो किरणोत्सव ज्यांनी रचला, त्या स्थपतींना सूर्याच्या चालीचे जे ज्ञान होते, त्याचा शतांश जरी आपल्या हौशी छायाचित्रकारांना असता, तरी भर दुपारी बाराच्या उन्हात नातेवाइकांना देवळासमोर उभे करून त्यांच्या डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठविण्याचा प्रकार पुष्कळ कमी झाला असता.

शिकण्याचा आरंभ डिजिटल कॅमेऱ्यावर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. छायाचित्रणाचे व्याकरण थोडके आहे: भिंगाचे छिद्र किती उघडावे, पडदा किती वेळ उघडा ठेवावा आणि फिल्मची अथवा सेन्सरची संवेदनक्षमता किती मानावी, या तिहींचा मेळ म्हणजे एक्स्पोजर. भर उन्हात आयएसओ 100 असता एफ 16 आणि सेकंदाचा एकशे पंचविसावा भाग, हा जुना ठोकताळा फिल्मवर जसा चालतो तसाच सेन्सरवर. परंतु फिल्मवर त्याचे फळ पंधरा दिवसांनी कळते, आणि तोवर आपण काय केले होते याचे विस्मरण झालेले असते. डिजिटलवर कारण व कार्य यांची गाठ तत्काळ पडते. वापरलेला, दहा वर्षे जुना, साधा डीएसएलआर घेतला तरी पुरे. त्यावरील स्वयंचलित व्यवस्था बंद करून एकाच नाभीय अंतराच्या भिंगाने पाच-सहा महिने काम करावे. झूम भिंग वाईट नव्हे, पण ते शिकाऊ माणसाचे पाय बांधून ठेवते.

येथे एक गोष्ट मुद्दाम विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण पुस्तकांत ती एका ओळीत उरकलेली असते आणि शाहूवाडी तालुक्यात तिच्यावाचून पाऊल टाकणे कठीण. कॅमेऱ्यातील प्रकाशमापकाला समोर काय आहे हे कळत नाही. समोरचे सर्व काही मध्यम करडे आहे, असे तो धरून चालतो. म्हणून आंबा घाटात सकाळचे धुके दाटलेले असता मापकाच्या हुकमाने फोटो काढला, तर पांढरेशुभ्र धुके राखेसारखे मळकट उमटते. तेथे एक स्टॉप जादा, म्हणजे दुप्पट, उजेड द्यावा लागतो. उलट, डबक्यात बसलेल्या काळ्याभोर म्हशीचे चित्र घेताना मापक म्हशीला करडी करण्याच्या नादात भोवतालचे पाणी जाळून टाकतो, म्हणून तेथे उजेड कमी करावा लागतो. पांढरे धोतर व फेटा घातलेला म्हातारा उन्हात बसला असेल, तर त्याच्या चेहऱ्याचे माप जवळ जाऊन स्वतंत्र घ्यावे. पडद्यावर दिसणारा हिस्टोग्रॅमचा आलेख उजव्या भिंतीवर आदळला की तेथील तपशील कायमचा गेला, हे लक्षात ठेवावे. सेन्सर काळोखातील पुष्कळ काही परत देतो, जळालेले पांढरे परत देत नाही. निगेटिव्ह फिल्मचा स्वभाव नेमका उलटा: तिला थोडा उजेड जास्त झालेला चालतो, पण सावलीत जे नोंदलेच गेले नाही ते कोणत्याही रसायनाने निघत नाही. एकाच माणसाने ही दोन्ही साधने हाताळली म्हणजे त्याला प्रकाशाच्या दोन्ही टोकांची जाण येते, आणि फिल्म शिकण्याचे माझ्या लेखी पहिले सबळ कारण हेच होय.

दुसरे कारण अंधाऱ्या खोलीचे. रंगीत रोल मुंबई-पुण्यास पाठवून धुऊन मागविणे म्हणजे काम दुसऱ्याच्या हवाली करणे झाले. कृष्णधवल रोल मात्र न्हाणीघरात धुता येतो. त्याला टाकी, थर्मामीटर, डेव्हलपर आणि हायपो एवढेच सामान लागते. रोल टाकीत भरेपर्यंत पूर्ण काळोख हवा, तांबडा दिवासुद्धा चालत नाही. तांबडा दिवा फक्त ब्रोमाइड कागदावर प्रिंट काढताना. डी-76 सारखा डेव्हलपर 20 अंश सेल्सिअसला वापरावा असे डब्यावर छापलेले असते, आणि कोकणच्या माथ्यावरील या गावी थंडीत ते तापमान नळाच्या पाण्याला आपसूक लाभते. एप्रिल-मेमध्ये ते पाणी बरेच अधिक तापते, तेव्हा बाटली माठातील पाण्यात उभी करून ठेवावी किंवा कोष्टक पाहून वेळ कमी करावा. एका द्रावणातून दुसऱ्यात जाताना तापमानात मोठी तफावत मात्र पडू देऊ नये, कारण जिलेटिनच्या थराला सुरकुत्या पडतात. यात किमया काही नाही. पण कोऱ्या कागदावर ओळखीचा चेहरा द्रावणात हळूहळू उमटताना ज्याने एकदा पाहिला, त्याला छायाचित्र ही वस्तू आहे, केवळ दृश्य नव्हे, हे निराळे सांगावे लागत नाही.

खर्चाचा जमाखर्च मात्र मांडलाच पाहिजे. 36 फोटोंचा रंगीत रोल आज हजार रुपयांच्या आसपास पडतो. धुणे, स्कॅन आणि टपाल धरले म्हणजे प्रत्येक चित्र चाळीस-पन्नास रुपयांस पडते. ज्या कोडॅकच्या प्रयोगशाळेत स्टीव्हन सॅसन याने 1975 साली पहिला डिजिटल कॅमेरा जुळविला, तीच कोडॅक 2012 साली दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत पोहोचली. त्यानंतर फिल्म संपली असे सर्वांनी धरले होते, तोच तरुण पिढीने तिला पुन्हा उचलले आणि 2024 साली पेंटॅक्सने नवा फिल्म कॅमेराही बाजारात आणला. ही लाट किती टिकेल याची चिंता हौशी माणसाने करू नये. वर्षाला तीन-चार कृष्णधवल रोल, एवढ्यावर शिक्षण भागते. त्याहून निकडीची चिंता बुरशीची आहे. या भागातील पावसाळा भिंगांचा वैरी असून कातडी पाकिटात बंद करून कपाटात ठेवलेले भिंग गौरी-गणपतीपर्यंत जाळीदार होते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि अधूनमधून उन्हाची तिरीप, हा त्यावरील उपाय भिंगाच्या किमतीच्या मानाने फुकट म्हणावा असा आहे.

तालुक्याच्या गावी गुरू नाहीत, मंडळे नाहीत, प्रदर्शने नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. तिला चाळीसगावच्या केकी मूस यांचे चरित्र हे उत्तर आहे. 1912 साली जन्मलेला आणि विलायतेत कलाशिक्षण घेतलेला हा पारशी गृहस्थ खानदेशातील एका रेल्वे स्टेशनाच्या गावी राहिला, कित्येक दशके घराबाहेर जवळजवळ पडलाच नाही, आणि टेबलावर घरगुती वस्तू मांडून, त्यांवर दिव्यांचा उजेड खेळवून त्याने असे देखावे निर्मिले की ते डोंगर नव्हेत यावर पाहणाराचा विश्वास बसू नये. 1989 साली तो वारला. त्याचे घर आज संग्रहालय आहे. मूस यांच्या एकांतवासाचे अनुकरण कोणी करावे असे मी म्हणणार नाही, पण चार भिंती आणि एक खिडकी एवढ्यात ज्याला विषय सापडला, त्याच्यासमोर विषय नसल्याची सबब टिकत नाही.

आणि येथे मला आजच्या हौशी मंडळींविषयी थोडे कठोर बोलावेसे वाटते. पावसाळ्यात आंब्यास व बर्कीस येणारे शेकडो कॅमेरे एकाच दगडावरून एकाच धबधब्याचे दुधाळ केलेले पाणी टिपतात; ती सर्व चित्रे सुबक असतात आणि एकही पाहावेसे वाटत नाही. दरम्यान याच तालुक्यात कौलांची जागा पत्र्याने घेतली, नांगराची ट्रॅक्टरने घेतली, धनगरवाड्यांतील कुडाच्या भिंती गेल्या, आठवडी बाजारातील बुरूड आणि कुंभार विरळ झाले, आणि यांपैकी कशाचीही नीट नोंद कोणी ठेवली नाही. व्यावसायिक छायाचित्रकाराला लग्नसराई आणि पासपोर्ट साईज यांतून सवड नाही, वृत्तपत्राच्या बातमीदाराला आजच्या तारखेपलीकडे पाहता येत नाही. ही नोंद फक्त हौशी माणूसच करू शकतो, कारण त्याला कोणाचे बिल द्यावयाचे नसते आणि घाई नसते. जहागिरीच्या काळी जमिनीचा इंच न् इंच दप्तरी दाखल करणाऱ्या या कसब्यात माणसांच्या चेहऱ्यांचे दप्तर असू नये, हे काही बरे नव्हे. ज्या जुन्या स्टुडिओंत तीन-तीन पिढ्यांच्या निगेटिव्ह पडून होत्या, त्यांतल्याही पुष्कळ जागेअभावी फेकल्या गेल्या. जेथे त्या अजून आहेत, तेथे मालकाच्या परवानगीने त्यांच्या डिजिटल प्रती करून ठेवणे हेच नवशिक्याचे उत्तम पहिले काम ठरेल. त्यातून उजेड कसा द्यावा, माणूस कसा बसवावा, याचे जे धडे मिळतील ते कोणत्याही वर्गात मिळणार नाहीत.

म्हणून या दिवाळीत कॅमेरा घेणाऱ्यास, तो फिल्मचा असो, डिजिटल असो वा मोबाइलमधला असो, एवढीच विनंती आहे: महिन्याकाठी निदान दहा चित्रांचे कागदावर प्रिंट काढा, प्रत्येकाच्या पाठीवर शाईने नव्हे तर मऊ पेन्सिलीने तारीख, वाडीचे नाव आणि चित्रातील माणसांची नावे त्यांच्या संमतीने लिहा, एक प्रत त्या माणसांना नेऊन द्या, आणि दुसरी कोरड्या जागी ठेवा.