‘बघू’ नको, सरळ ‘नको’ म्हणा!

गिझाचे पिरॅमिड साडेचार हजार वर्षं जागचे हललेले नाहीत. त्यांच्या आसपासचे विक्रेतेही सहजासहजी हलत नाहीत! टॅक्सीतून पाय खाली टाकला की सुरू. ‘इंडिया? अमिताभ बच्चन! वेलकम, वेलकम!’ इजिप्तमध्ये बच्चनची क्रेझ खरीखुरी आहे, त्यामुळे आपण लगेच खूश. आणि खूश झालेलं गिऱ्हाईक म्हणजे अर्धा सौदा झालाच.

कैरो आणि लक्झर मिळून आठ दिवस फिरताना मी या मंडळींच्या तऱ्हा मनसोक्त पाहिल्या. एक जण ‘गिफ्ट, गिफ्ट’ म्हणत दगडाचा भुंगा हातात कोंबतो आणि चार पावलांवर त्याच गिफ्टचे पैसे मागतो. दुसरा ऐटीत तिकीट तपासायला मागतो. तिकीट त्याच्या हातात गेलं की तो तुमचा गाइड! उंटाची तर कमालच. चढायचा भाव स्वस्त, पण उतरायचा वेगळा. वर बसून घासाघीस कशी करणार, सांगा! पपायरस म्हणून केळीच्या पानावरची चित्रं गळ्यात मारणारेही आहेतच.

पण खरी गोची आपल्या स्वभावात आहे. आपल्याला तोंडावर ‘नको’ म्हणणं जमत नाही. आपण हसतो आणि म्हणतो, ‘बघू, येताना घेऊ.’ तुळशीबागेतल्या विक्रेत्याला त्याचा अर्थ बरोब्बर कळतो. तिथे तो शब्द दिल्यासारखा धरतात. आमच्या ग्रुपमधल्या एकीने कर्नाकच्या देवळाबाहेर असंच ‘आफ्टर’ म्हटलं. दोन तासांनी आम्ही बाहेर आलो, तर तो माणूस तीच शाल घेऊन उन्हात उभा! ‘मॅडम, यू सेड आफ्टर.’ तिला शाल नकोच होती. तो वैतागला, ती चिडली. मला मात्र त्याचे ते दोन तास दिसत होते. तेवढ्यात त्याने दुसरी चार गिऱ्हाइकं गाठली असती.

आणि ही माणसं एवढी मागे का लागतात, तेही समजून घ्यायला हवं. १९९७ मध्ये लक्झरजवळ हत्शेप्सुतच्या मंदिरात झालेल्या दहशतवादी हल्ल्यात ६२ जणांचा बळी गेला आणि पर्यटक गायब झाले. २०१० मध्ये सुमारे १ कोटी ४७ लाख पर्यटक इजिप्तला आले होते. २०११ च्या क्रांतीनंतर ओघ आटला आणि २०१६ मध्ये आकडा ५४ लाखांच्या आसपास आला. मग २०२० मध्ये कोरोना. पर्यटक आले नाहीत तरी उंटाला रोज चारा लागतोच ना! आता गर्दी परतली आहे, पण २०२५ मध्ये गिझाला नवं प्रवेशद्वार आणि इलेक्ट्रिक बस आल्या, उंटवाल्यांना आणि विक्रेत्यांना ठरावीक जागा नेमून देण्यात आल्या. आपल्याला आराम झाला, पण धंदा बुडेल म्हणून उंटवाल्यांनी विरोध केला होता.

म्हणून माझा फंडा सोपा आहे. नको असेल तर न थांबता, एकदाच, शांतपणे ‘ला, शुक्रन’ म्हणायचं. म्हणजे ‘नको, धन्यवाद’. तरीही कोणी चिकटलाच तर ‘खलास!’ हा शब्द तिथेही चालतो, अर्थ ‘पुरे, संपलं’. हातात काही घ्यायचं नाही. तिकीट फक्त गेटवर दाखवायचं. उंटावर बसायचंच असेल तर किती वेळ, कुठपर्यंत आणि उतरण्यासकट किती, हे जमिनीवर उभं राहूनच ठरवायचं. पौंड म्हणजे इजिप्शियन पौंड, हेही बोलून घ्यायचं, नाहीतर शेवटी ब्रिटिश पौंड मागणारे भेटतात. बक्षिसीसाठी सुट्ट्या नोटा वेगळ्या खिशात ठेवायच्या. लक्झरच्या थडग्यांमध्ये एखादा रखवालदार ‘स्पेशल’ कोपरा दाखवायला खुणावतो, तेव्हा तो फुकट नसतो!

आणि एखादी वस्तू खरंच आवडली, तर जरूर घ्या. भाव करा, मजा घ्या, पण शेवटच्या दहा पौंडांसाठी ताणू नका. आपल्याकडे तेवढ्यात एखादा कटिंग येतो. तिथे कदाचित त्याची ती दिवसातली पहिलीच भवानी असेल.