वळवलं की मावतं

सप्टेंबर २००६मध्ये ॲपलच्या आयट्यून्स या संगीताच्या प्रोग्राममध्ये ‘कव्हर फ्लो’ आलं: अल्बमच्या मुखपृष्ठांची मांडणी. मधला अल्बम थेट समोर, बाकीचे दोन्ही बाजूंना वळून दाटीवाटीने उभे. सरकवलं की शेजारचा अल्बम वळत वळत मध्ये येई. कल्पना अँड्र्यू कूल्टर एनराइट या कलाकाराची, प्रोग्राम जोनाथन डेल स्ट्रॉदर यांचा. ॲपलने तो विकत घेतला. ही मांडणी मला अजूनही मोहवते, कारण तिच्यामागचं गणित शाळेतलंच आहे.

३०० पिक्सेल रुंदीचं चित्र उभ्या अक्षाभोवती ६० अंशांनी फिरवलं, तर दिसणारी रुंदी त्या कोनाच्या कोसाइनइतक्या पटीने घटते. म्हणजे उरतात १५० पिक्सेल. ७० अंशांनी फिरवलं तर साधारण १०३. एका सपाट चित्राच्या जागेत जवळजवळ तीन मावतात.

पण एवढ्यानेच भागत नाही. असं चित्र वळलेलं वाटत नाही, दोन्हीकडून दाबल्यासारखं चिंचोळं दिसतं. इथे यथार्थदर्शन लागतं, म्हणजे दूरचं लहान दाखवणं. पाहणारा पडद्यापासून ६०० पिक्सेल दूर आहे असं धरलं, तर पडद्याच्या २०० पिक्सेल मागे गेलेली कड ६०० भागिले ८००, म्हणजे पाऊणपट उंचीची काढायची. चौकोनाचा समलंब झाला, की पुढचं काम मेंदू करतो. अर्धवट उघडलेलं दार आपल्याला आयताकृतीच वाटतं ना, तसंच हे!

ही कल्पना तशी जुनीच. पालो आल्टोच्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात मॅकिन्ले, रॉबर्टसन आणि कार्ड यांनी १९९१मध्येच ‘पर्स्पेक्टिव्ह वॉल’ मांडली होती. माहितीची लांबलचक भिंत, मधला भाग समोर, दोन्ही बाजू मागे दुमडलेल्या. हवा तो तपशील पाहताना आजूबाजूचं नजरेआड होऊ नये, हा त्यांचा हेतू.

अशा मांडणीला मर्यादाही आहे. वळलेलं चित्र रंगांवरून, ठळक आकारांवरून ओळखू येतं. बारीक अक्षरं मात्र वाचता येत नाहीत. २००७मध्ये कव्हर फ्लोची मांडणी मॅकच्या फाइंडरमध्ये फायलींसाठी आली. तिथे ती अस्थानी होती, असं मला वाटतं. पत्र, हिशेब, अहवाल, बाजूने सगळे सारखेच पांढरे. मॅकच्या प्रणालीच्या २०१८च्या मोहावे आवृत्तीत तिच्या जागी ‘गॅलरी’ आली: एक मोठं चित्र आणि त्याखाली छोट्या चित्रांची सपाट ओळ. फायलींसाठी तेच योग्य. पुस्तकांची मुखपृष्ठं किंवा सिनेमाची पोस्टरं मांडायची असती, तर मी कव्हर फ्लोच निवडलं असतं.