उतारवयातील ताल : आधी हात पाहा, मग वाद्य

निवृत्तीनंतर एखादे तालवाद्य शिकावे, असे आपल्या मनात येते आणि घरातलेच कुणी म्हणते, ‘‘आता या वयात?’’ वैद्यकीय दृष्टीने उत्तर सोपे आहे : अवश्य शिकावे. मात्र वाद्याची निवड आपल्या सांध्यांची प्रकृती पाहून करावी.

विदर्भाला हे नवे नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी (१९०९–१९६८) खंजिरीच्या साथीने गावोगाव भजने गाऊन लोकजागृती केली. मलकापूर परिसरातील भजनांतही खंजिरी, ढोलकी, मृदंग ही वाद्ये आपल्या परिचयाची आहेत. दूरच्या क्यूबातील उभट काँगा ढोलही तळहातांनीच वाजतो आणि तोही लहानमोठ्या आकारांत मिळतो. वादकाने आपल्याला झेपेल तो घ्यावा, हा नियम सर्वत्र सारखाच.

कोणते वाद्य कोणाला?

खंजिरी हलकी असते. परंतु तिचा सारा भार एकाच हातावर येतो. अंगठ्याच्या मुळाशी संधिवात असेल तर ती टाळावी. अशांना ढोलकी बरी. ती मांडीवर किंवा स्टँडवर आडवी ठेवता येते आणि हातांना पकडीचा ताण राहत नाही. दोरीच्या ढोलकीपेक्षा नट-बोल्टची ढोलकी सुरात लावणे दुबळ्या बोटांना सोपे जाते. गुडघे दुखत असतील तर तबला बेताच्या उंचीच्या मेजावर ठेवून खुर्चीत बसून वाजवावा. मृदंग वजनदार असतो. शिवाय त्याच्या डाव्या तोंडाला कणीक लावावी लागते. घरात मदतीला कुणी असेल तरच त्याचा विचार करावा.

दुकानात ज्येष्ठांना सोबत न्यावे. वाद्य पाच मिनिटे धरून वाजवू द्यावे. मनगट दुखू लागले तर ते वाद्य परत ठेवावे. चामडे पावसाळ्यात सैल पडते आणि उन्हाळ्यात ताणले जाते. ही देखभाल नको असल्यास कृत्रिम पानाचे वाद्य घ्यावे.

सराव कसा करावा?

पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीला लागतील असे बसावे. अंगठ्या काढून ठेवाव्यात. खांदे सैल सोडावेत. आघात मनगटातून यावा आणि हात लगेच उचलला जावा. मध्यभागी खोल नाद मिळतो, काठाजवळ खणखणीत. आधी हे दोन नाद ओळखावेत. मग सहा मात्रांचा दादरा आणि आठ मात्रांचा केरवा मोठ्याने मोजत, संथ लयीत वाजवावा. आरंभी दहा मिनिटे पुरेत. दुखणे दुसऱ्या दिवशीही राहिले तर वेळ निम्मा करावा.

ही काळजी घ्यावी

मधुमेहामुळे हात बधिर झाले असतील तर जखम कळत नाही. सरावानंतर तळहात पाहावेत. रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास काळेनिळे डाग पडू शकतात. तसे दिसल्यास वादन थांबवून डॉक्टरांना दाखवावे. औषध स्वतःहून बंद करू नये. पेसमेकर नुकताच बसवला असेल तर आधी परवानगी घ्यावी. भजनात ध्वनिक्षेपकासमोर बसू नये. पक्षाघातानंतर दुर्बल हाताने नुसता स्पर्श केला तरी चालेल; बळ वाढवण्याचा क्रम फिजिओथेरपिस्टने ठरवावा. कंपवाताच्या काही रुग्णांना ठरावीक ठेक्यावर पाऊल टाकणे सोपे जाते, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. तरी वादन हा औषधाला पर्याय नव्हे.

घरच्यांसाठी

जोडीदार गेल्यावर किंवा ऐकू कमी येऊ लागल्यावर अनेक ज्येष्ठ हळूहळू घराबाहेर पडेनासे होतात. भूक, झोप आणि उमेद त्यापाठोपाठ ओसरते. साथीला बसणाऱ्या माणसाची मात्र मंडळात वाट पाहिली जाते. कुणीतरी आपली वाट पाहते, ही जाणीव उतारवयात फार मोलाची असते. म्हणून वाद्य आणून देण्यावरच थांबू नका. सायंकाळी त्यांना हरिपाठाला पोहोचवा, वाटेतल्या पायरीवर दिवा लावा आणि परतल्यावर आज कोणता ठेका वाजवला, हे आवर्जून विचारा.